४० अँपिअरच्या नोझलचे भोक सदोष असल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग

महोदय,

आपले एअर प्लाझ्मा मशीन (टॉर्चमधून विजेचा आर्क आणि हवेचा झोत सोडून पत्रा कापणारे) आमच्या वाळूजच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या टेबलवर चालते. त्यावर पेरणी यंत्राच्या बियाणे-पेट्या कापतो. पत्रा माइल्ड स्टीलचा, १.६ मिमी म्हणजे सोळा गेज. एप्रिलमध्ये आपल्याकडून घेतलेले दहा नोझलचे (टॉर्चच्या टोकाला बसणारे, आर्क बाहेर सोडणारे भोकाचे तोंड) पाकीट फोडल्यापासून कट बिघडला. कटाची फट रुंद येते, खाली स्लॅग (वितळून गोठलेले लोखंड) चिकटतो आणि एका बाजूची कड तिरपी निघते.

आपले सर्व्हिस इंजिनिअर ‘हवेत पाणी आहे’ असा शेरा मारून गेले. हा शेरा चुकीचा आहे. श्रावणात कॉम्प्रेसरच्या टाकीतून पाणी निघते हे खरे, पण ही तक्रार मे महिन्यातली आहे. तरीही टाकी रिकामी केली, फिल्टरचे एलिमेंट बदलले आणि आर्क न लावता नुसती हवा सोडून अर्धा मिनिट आरशावर धरली. आरसा कोरडा राहिला. ओल्या हवेने इलेक्ट्रोडमधले हाफ्नियम (ज्यातून आर्क निघतो तो धातू) झपाट्याने खाल्ले जाते आणि तिथे खड्डा पडतो. आमच्या इलेक्ट्रोडचा खड्डा अर्धा मिमीसुद्धा नाही. हवा चालू असताना दाब ५ बार, टॉर्चची उंची १.५ मिमी आणि अर्थिंगचा क्लॅम्प थेट पत्र्याला, हे सगळे इंजिनिअरसमोरच दाखवले होते.

वेगही तपासला. वेग कमी पडला तर स्लॅग जाड, भुसभुशीत येतो आणि पत्र्याच्या तुकड्याने खरवडला तरी पडतो. वेग जास्त झाला तर बारीक, कडक बर (कडेला चिकटलेली धातूची कोर) येतो आणि ग्राइंडरच लागतो. मिनिटाला ३ मीटरपासून ६ मीटरपर्यंत अर्ध्या-अर्ध्या मीटरने वाढवत पट्ट्या कापल्या. या नोझलने एकाही वेगात कड स्वच्छ आली नाही. मागच्या लॉटचे एक नोझल शिल्लक होते. त्याच टॉर्चमध्ये, त्याच हवेवर, ५ मीटरला ते स्वच्छ कापते.

दोष कुठे आहे हे तिरप्या कडेवरून कळते. स्वर्ल रिंगमुळे (टॉर्चमधले हवेला गिरकी देणारे कडे) आर्क फिरत असतो, म्हणून टॉर्च जाते त्या दिशेच्या उजव्या हाताची कड सरळ येते आणि डावीकडची थोडी तिरपी. यासाठीच आम्ही बाहेरची कड घड्याळाच्या दिशेने आणि आतली भोके उलट दिशेने कापतो. हा तिरपेपणा टॉर्चच्या दिशेबरोबर बदलायला हवा. आम्ही कापलेल्या चौकोनात मात्र, कोणत्याही दिशेने कापले तरी, तो टेबलाच्या एकाच बाजूला राहतो. नोझल सैल करून पाव फेरा फिरवले की तिरपेपणाही पाव फेरा सरकतो. टॉर्च वाकडी असती तर तो जागेवरच राहिला असता. म्हणजे भोक मध्यावर नाही.

शिवाय पाकिटावर भोक ०.९ मिमी छापले आहे, आणि दहापैकी सहा न वापरलेल्या नोझलमधून १.१ मिमीची पिन गेज (भोक मोजायची ठरावीक जाडीची पिन) सहज जाते. मोठ्या भोकातून तेवढ्याच अँपिअरचा आर्क पसरतो, त्याची धार जाते आणि वितळलेले लोखंड उडण्याऐवजी खालच्या कडेला गोठते. आपल्या पुस्तिकेत स्लॅग आला तर करंट वाढवा असे लिहिले आहे. सोळा गेजवर त्याने फट आणखी रुंदावते आणि पत्रा वाकतो. ते वाक्य कृपया काढा.

पेटीच्या तळाची भोके अशी तिरपी आली की बियाणे सोडणारी चकती नीट बसत नाही आणि दाणा अडकतो. मृगाच्या आधी यंत्रे शेतकऱ्यांच्या हाती पडायला हवीत. आम्ही मात्र एकेका पेटीवर ४० मिनिटे ग्राइंडर फिरवत आहोत.

आमच्या मागण्या: दहाही नोझल बदलून द्यावेत, प्रत्येकाचे भोक आधी मोजून. इंजिनिअरने नोंदवलेला शेरा लेखी रद्द करावा. आणि या लॉटची नोझल ज्या इतर वर्कशॉपना गेली त्यांना कळवावे; तेही आज हवेला आणि फिल्टरला दोष देत बसले असतील.

आपला ग्राहक,
फॅब्रिकेशन वर्कशॉप, वाळूज औद्योगिक वसाहत,
जि. छत्रपती संभाजीनगर

सोबत: पाकीट, सहा नोझल, जुन्या व नव्या नोझलने कापलेल्या पट्ट्या, बिलाची प्रत.