सुजाताला, एडिसनहून

एडिसन, न्यू जर्सी
ऑक्टोबर, रविवार रात्र

प्रिय सुजे,

तुझ्या वाढदिवसाच्या, पाडव्याच्या आणि "जिवंत आहेस का" अशा सगळ्या मेसेजना मी नुसता अंगठा पाठवला. रागाव, पण हे वाचून झाल्यावर रागाव. फोन करत नाही, कारण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मला हे एका दमात सांगायचंय. माझी थायरॉइडची गोळी चालू, अजयची शुगर काठावर. तब्येतीचं संपलं.

गेल्या वर्षी याच सुमारास ईरा कॉलेजचे अर्ज भरत होती. इथे कॉमन अ‍ॅप म्हणून एकच अर्ज अनेक कॉलेजांना जातो. त्यात आईबापाचं शिक्षण विचारतात. कुठलं कॉलेज, कुठली पदवी, कुठल्या साली. बापाचं तिने घडाघडा भरलं. माझ्या रकान्यात स्वतःच 'बॅचलर्स' निवडलं आणि बाहेरून ओरडली, "आई, तुझं इयर कुठलं?"

मी म्हटलं, इयर नाही.

आता हे तुला सोडून कोणाला सांगायचं? काकांनी बायोडाटात लिहिलं होतं 'बी.कॉम. (अपिअर्ड)'. तो कंस लग्न ठरता ठरता कुठेतरी गळला. डिसेंबरात लग्न, फेब्रुवारीत व्हिसा, एप्रिलमध्ये टी.वाय.ची परीक्षा. तू पेपर लिहीत होतीस, तुझ्या मागचा बाक रिकामा होता आणि मी इथे डिशवॉशर कसा लावतात ते शिकत होते. सासूबाई अजून सगळ्या नागपूरला "आमची सून बी.कॉम." सांगतात. अजयला मी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. तो "बरं" म्हणाला आणि मॅच बघायला लागला. इतकी वर्षं मी जे उराशी धरून बसले ते त्याच्या लेखी दोन ओव्हरमधलं होतं.

ईराने शांतपणे रकाना बदलला. मग म्हणाली, "पण दोन वर्षं केलीस ना? मग तुझे क्रेडिट्स किती आहेत?" तिने ते इतक्या सहज विचारलं की मला धड रागही येईना. तिला स्वतःला शाळेतल्या एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, परीक्षांमधून क्रेडिट मिळणार होते. ५ पैकी ३ किंवा ४ आले की बरीच कॉलेजं तो विषय माफ करतात. तेव्हा तिच्या डोक्यात पदवी म्हणजे १२० क्रेडिट, ते कुठून आले हे दुय्यम.

मग तिनेच मला क्लेप दाखवलं. तिची एपी घेणारं कॉलेज बोर्डच ही परीक्षाही घेतं, १९६७ पासून. मोठ्या माणसांसाठी म्हण हवं तर. सेंटरवर जायचं, कॉम्प्युटरसमोर दीडेक तास बसायचं, बहुतेक विषयांना पर्यायी प्रश्न, चुकलं तर मार्क कापत नाहीत. २० ते ८० मधले गुण, ५० आले की बहुतेक विषयांचे ३ क्रेडिट. निकाल तिथल्या तिथे स्क्रीनवर. आपल्यासारखं जूनपर्यंत देव पाण्यात ठेवायचे नाहीत. नापास झालं तर तीन महिने थांबून परत. फी शंभर डॉलरच्या आत-बाहेर, पण मॉडर्न स्टेट्स नावाची एक संस्था आहे, तिचा फुकट कोर्स पूर्ण केला की ती परीक्षेचं व्हाउचरही देते. हे ऐकल्यावर अजयही टीव्हीसमोरून उठला. फुकट म्हटलं की तो उठतोच.

म्हणजे मायलेकी एकाच बोर्डाच्या विद्यार्थिनी. ती मला "काय आलं?" विचारायची आणि मला खोली बंद करून रडायची सोय राहिली नव्हती.

तर सुजे, मी वर्षभर हे करत होते. म्हणून अंगठे.

मॅनेजमेंट, मार्केटिंग, मायक्रो आणि मॅक्रो इकॉनॉमिक्स, फायनान्शियल अकाउंटिंग हे सगळं निघालं. डेबिट-क्रेडिट हात विसरत नाही, कुलकर्णी सरांना सांग भेटले तर. सोशिऑलॉजी वाचताना तर मजा आली, जाऊबाईंबद्दलचं बरंच शास्त्रीय भाषेत कळलं. ह्युमॅनिटीजला मात्र ४८. त्यात अर्धे प्रश्न साहित्याचे, अर्धे चित्र, शिल्प, संगीताचे, आणि तेही यांच्या संगीताचे. मला सिम्फनी आणि सोनाटा यातला फरक विचारतात, मला तर बासरीत आणि शिट्टीत फरक कळत नाही. भाषांचे क्रेडिट एका परीक्षेत भरपूर मिळतात, पण भाषा तीनच, स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन. कॉलेज बोर्डाला मराठी येत नाही. स्टॅटिस्टिक्स मी मिडलसेक्स कॉलेजात संध्याकाळी बसून केलं, वर्गात माझ्या निम्म्या वयाची पोरं. एकाने पहिल्या दिवशी मला प्रोफेसर समजून उशीर झाल्याबद्दल माफी मागितली. मी दिली.

आता पदवी देणार कोण? इथे ट्रेंटनला थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी आहे, १९७२ ची, मुळात मोठ्या वयाच्या लोकांसाठीच काढलेली. सरकारी. इकडून तिकडून आणलेले क्रेडिट घेतात, जुनी कॉलेजं, परीक्षा, नोकरीत शिकलेलंसुद्धा तपासून घेतात. शेवटचा कॅपस्टोन, म्हणजे पदवीचा समारोपाचा कोर्स, मात्र त्यांच्याकडेच करायचा. आणि गंमत ऐक, खुद्द एडिसनला शाळा जेमतेम, तर १९९२ साली या लोकांनी त्याचं आयुष्यभराचं काम तपासून त्याला बी.एस. दिली. मरून ६१ वर्षं झाल्यावर! ईरा म्हणते, "आई, तुझ्याकडे वेळ आहे."

वयाने चाळिशी कधीच ओलांडली, क्रेडिटची आता कुठे गाठली. आणि इथेच गाडी अडली आहे.

नीट वाच, कारण काम तुझ्यापाशीच आहे. क्लेपचे विषय सगळे पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पातळीचे. पदवीला वरच्या पातळीचेही लागतात, ज्यांचे नंबर तीनशे-चारशेने सुरू होतात, आणि ते परीक्षेतून फार कमी मिळतात. डीएसएसटी म्हणून दुसऱ्या परीक्षा आहेत, त्यात मनी अँड बँकिंगसारखा एखादा वरचा निघतो. बाकी कोर्स करायचे, म्हणजे पैसे मोजायचे. यंदा ईराची रटगर्स युनिव्हर्सिटीची फी भरतोय. माझ्यासाठी अजय नाही म्हणणार नाही, पण मलाच आधी शेवटचा डॉलर कुठे जातो ते बघायची सवय, तुला माहितीये.

परवा सल्लागार बाई म्हणाल्या, भारतातली ती दोन वर्षं तुम्ही दाखवलीच नाहीत, का?

का! तर मी रात्री कागद घेऊन बसले. परदेशी मार्कशीट तपासणाऱ्या डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून विषयवार मूल्यमापन करून घ्यायचं, दोनशे डॉलरच्या आसपास. एफ.वाय. आणि एस.वाय. मिळून क्रेडिट बरे दिसतील. पण एकच विषय दोनदा मोजत नाहीत. एफ.वाय.चं अकाउंटन्सी मी क्लेपने काढलेलं, मायक्रो काढलेलं, बिझनेस मॅथ्सचा स्टॅटिस्टिक्सचा भाग मिडलसेक्सला झालेला. एस.वाय.चं मॅक्रो आणि मॅनेजमेंटही गेलं. म्हणजे आधी मार्कशीट मागवली असती तर वर्षातला बराचसा अभ्यास वाचला असता, आणि आता मागवली तर बराचसा जुना अभ्यास वाया. उरतं काय? कॉर्पोरेट अकाउंटिंग, कंपनी लॉ, कम्युनिकेशन आणि कॉस्टिंग. कॉर्पोरेट अकाउंटिंग वरच्या पातळीला धरलं तर लॉटरी. नुसतं इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक, धरलं तरी दोनशे डॉलर वसूल, कारण तेवढ्यात क्लेपचे दोनच पेपर होतात.

कॉस्टिंगची केटी आठवते ना? तुला आठवेलच, कारण माझ्या नोट्स तू पेपरच्या आदल्या रात्री परत दिल्यास, आणि मार्जिनल कॉस्टिंगच्या पानावर रस्सा. तू म्हणतेस तो रस्सा आधीपासून होता. सुजे, आमच्याकडे त्या आठवड्यात सोवळं होतं, रस्सा कुठून येईल? ते गुण आता अमेरिकेत येणार. परीक्षेतून आलेला क्रेडिट मुका असतो, पास एवढंच बोलतो. मार्कशीट सगळं सांगते.

आणि एफ.वाय.चा मराठीचा पेपर! तो मी घेतला होता, तू हसली होतीस की कॉमर्सला येऊन कविता. सल्लागार बाई म्हणाल्या, तो ह्युमॅनिटीजमध्ये बसू शकेल. म्हणजे सोनाटाने जे अडवलं ते मराठीच्या बाईंच्या तासाने सुटेल कदाचित. खरं सांगू, पैशांच्या हिशोबापेक्षा मला हेच जास्त ओढतंय. ती दोन वर्षं कुठेच जमा नाहीत. तुझ्या ओंकारला त्या क्रेडिट जमा ठेवणाऱ्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं काढायला लावलंय ना? नव्या पद्धतीत दोन वर्षांवर सोडलं तर डिप्लोमा तरी हातात देतात. आपल्या वेळी सोडलं की सोडलं.

पण भीती अशी की हे ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाचा अधिकृत गुणतक्ता, मागवायला तिथे कोणीतरी जायला हवं. ईमेलला उत्तर येत नाही. दादाला सांगितलं की वहिनीला कळेल, वहिनीला कळलं की नागपूर. ईराची आजी या वयात "सून बी.कॉम. नाही" ऐकेल त्यापेक्षा "सून परत बी.एस. करतेय" ऐकलेलं बरं, आणि तेही पदवी हातात आल्यावर. अजय म्हणतो आत्ताच सांगून टाक. त्याला काय, त्याची आई.

घाईही आहे. एकदा नाव नोंदवलं की त्या वर्षीचे नियम आपल्याला लागू होतात, तोवर ते बदलले तर माझं गणित पुन्हा पहिल्यापासून. मला मार्चपर्यंत नाव नोंदवायचंय.

तेव्हा अधिकारपत्र, पासपोर्टची प्रत आणि एस.वाय.च्या मार्कशीटची झेरॉक्स कुरियरने पाठवते आहे. सीट नंबर तुझ्या नंबरात एक मिळवून. ट्रान्सक्रिप्ट सीलबंद पाकिटात, पाकिटाच्या जोडावर सही-शिक्का, तू उघडायचं नाही, उघडलं तर बाद. कॉस्टिंगचे गुण बघायचा मोह आवर. काउंटरवर "पुढच्या आठवड्यात या" म्हणतील, तू तिथेच बसून राहा, तुला ते जमतं. कोणी विचारलं तर सांग परदेशात नोकरीसाठी हवंय.

तुझ्या आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? वॉकर लगेच सोडू देऊ नकोस. नव्या घराचा ताबा मिळाला का, की बिल्डर अजून गणपतीनंतर म्हणतोय? बाबीचं काय ठरलं ते लिही, मी कोणाला सांगणार नाही.

आणि जमणार नसेल तर सरळ नाही म्हण, मी कॉस्टिंग पुन्हा शिकेन. उत्तर लिहून पाठव. तुझे व्हॉइस मेसेज सात मिनिटांचे असतात आणि त्यातली चार कुकरच्या शिट्टीची.

तुझी
वंदी

ता.क. कुरियर तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय, घरी नाही. तुझ्या सासूबाई आणि माझ्या सासूबाई एकाच भिशीच्या ग्रुपवर आहेत.