अप्पांच्या डोक्याबद्दल थोडं

ती. आई-अप्पांस,
शि. सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर तू दबक्या आवाजात म्हणालीस, "यांना हल्ली काही सुचत नाही." लगेच मागून अप्पा ओरडले, "मनं डोकं आते चालत नही!" म्हणजे कान तरी शाबूत आहेत. म्हणून हे पत्र दोघांनाही.

अप्पा, तुमच्या मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीवरचा फुगा २५ मिलिमीटरच्या वरचा होता. त्याला डॉक्टर 'जायंट' म्हणतात. ती धमनी बंद करायची, तर मेंदूला रक्त दुसरीकडून द्यायला हवं, म्हणून पायाची शीर काढून नवी वाट केली. मेन लाइन बंद करून बाजूने पाइप टाकला, हे तुम्हीच अख्ख्या चोपड्याला सांगत होतात. कवटीबाहेरची धमनी मेंदूतल्या धमनीला जोडायची शस्त्रक्रिया १९६७ साली झुरिकला यासरगिल नावाच्या सर्जननी केली, तेव्हापासून हे तंत्र चालत आलंय.

वाट चालू असली तरी काही जणांना पुढे लक्ष टिकवणं, पटकन ठरवणं, एका वेळी दोन कामं सांभाळणं जड जातं. ऑपरेशनच्या आसपास मेंदूला बसलेला छोटासा फटकाही त्याला कारण असू शकतो. बरेच जण मात्र व्यवस्थित राहतात. दिवाळीत मी पाहिलं ना, टीव्ही चालू असताना व्यापाऱ्याची पट्टी अप्पांना जुळेना. बंद केल्यावर कांदेबाग हंगामातल्या केळीचा हिशेब तोलाईसकट जुळला, आणि व्यापाऱ्याची चूकही त्यांनीच धरली. विसरलेला माणूस असं करत नाही. ते सावकाश झालेत, एवढंच मला दिसतं. आई, त्यांचं वाक्य तू पुरं करू नकोस गं. थांब जरा, शब्द येतो.

तरी अंदाजावर राहायचं नाही. पुढच्या तपासणीला एमआरआयबरोबर न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून, म्हणजे लक्ष-स्मरण तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून, नीट चाचणी करून घ्यायची, म्हणजे दरवर्षी ताडून बघता येईल. स्मरणशक्तीच्या ३० गुणांच्या झटपट चाचणीत असा सावकाशपणा निसटतो. बी-१२, थायरॉईड आणि झोपही बघून घ्यायची. आणि अप्पा, उदास वाटत असेल तर तेही सांगायचं. लाजायचं काय त्यात? मन खचलं की विसरणंही वाढतं.

अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. दात काढायचा असला तरी आधी न्यूरोसर्जनना विचारायचं. कानासमोर बोट ठेवल्यावर लागणारी नव्या शिरेची ती धडधड चष्म्याच्या काडीखाली दाबू देऊ नका, टोपीही सैल घाला. मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो तेव्हा दुपारी शेतात जायचं नाही आणि पाणी भरपूर प्यायचं. अंगातलं पाणी कमी होऊन बीपी उतरलं, की त्या नव्या वाटेतला प्रवाहही मंदावतो.

चोपड्याहून जळगावला न्यायला गाडी मी सांगून ठेवते. तारीख ठरली की कळवा. जुन्या फाइलीतला डिस्चार्ज पेपर कपाटातून काढून ठेव आई, लोणच्याच्या बरणीमागच्या पिशवीत आहे.

तुमची,
मनू