तुझ्या कानातल्या शिट्टीविषयी

चि. बाळू यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शनिवारी हातकणंगले स्टेशनावर मी तुझ्या कानांवरचे हेडफोन ओढून काढले, ते चारचौघांत तुला फार लागले असणार. गाडी सुटेपर्यंत तू माझ्याकडे पाहिले नाहीस. माझे चुकले. मी ओरडलो, असे आई म्हणाली. माझा आवाज किती चढतो हे मला हल्ली समजत नाही. पण आदल्या रात्री जेवताना तू ताईला सहज सांगितलेस की काम संपल्यावर तासभर कानात शिट्टी वाजत राहते आणि मग आपोआप थांबते. ते तिने मला छकुलीच्या पाटीवर लिहून दाखवले, तेव्हापासून माझे कशातच लक्ष नाही.

माझीही शिट्टी सुरुवातीला आपोआपच थांबत असे. रात्रपाळी संपवून सायकलवरून घरी येताना कानात रातकिडे ओरडायचे आणि दुपारी झोपून उठलो की ते गेलेले असायचे. जातात म्हणून कोणी मनावर घेत नव्हते. यंत्रमागांच्या खात्यात आम्ही खुणांनीच बोलायचो, दोन बोटे ओठांना लावली की चहा. तरीही गाणी ऐकू यावीत म्हणून मागांच्या मधोमध टेपरेकॉर्डर टांगून आम्ही त्याचा आवाज शेवटपर्यंत पिळून ठेवला होता. माग पोटासाठी होते, पण तो टेप आम्ही हौसेने वाढवला, आणि तू लोकलमध्ये तेच करतोस. डब्यातला गोंगाट झाकण्यासाठी गाणे त्याच्याही वर चढवतोस; कानाला मात्र दोन्हींचा भार सोसावा लागतो.

मी तुला नावे ठेवायला बसलेलो नाही. तू सात वर्षांचा असताना डबा घेऊन आलास आणि दारातूनच म्हणालास, ‘अप्पा, तिसरा माग वेगळा वाजतोय.’ विठूकाका हसले, पण पाहिले तर पिकर, म्हणजे धोट्याला ठोकर देणारा भाग, फाटलेला होता. त्या खडखडाटात जे आम्हा जाणत्यांना कळले नाही ते तुला उंबऱ्यावरून कळले. ते कान घेऊन तू मुंबईला गेलास, आणि आज त्याच कानांवर तुझी भाकरी आहे. म्हणून मला भीती वाटते.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी मला जे समजावले, ते मी वहीत उतरवून घेतले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास धोक्याविना ऐकता येतो. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचे अवघे ४ तास उरतात आणि १०० ला जेमतेम २४ मिनिटे. तू तर दिवसाचे दहा तास हेडफोन लावून बसतोस. आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केसपेशी जन्मतःच मिळतात. मागावर तार तुटली तर गाठ मारून पुढे जाता येते. तिथे गाठ बसत नाही. शिवाय चढे स्वर टिपणाऱ्या पेशी आधी जातात, त्यामुळे बहिरेपण आल्याचे माणसाला कळतच नाही. लोक बोलतात ते ऐकू येते, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ गळून पडतात. छकुली ‘साखर’ म्हणते आणि माझ्यापर्यंत ‘आखर’ पोहोचते. आईच्या बांगड्यांचा आवाज शेवटचा कधी ऐकला, हे मला आठवत नाही.

पाहा, मी पुन्हा व्याख्यान देऊ लागलो. क्षमा कर. तुझ्या कामातले मला कळत नाही, पण तूच एकदा सांगितले होतेस की आवाज वाढवला की खर्ज खुलतो. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला वाटतो, असे तुझेच म्हणणे होते. मग तो मोह आहे हे तुला माझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे. ध्वनींचे मिश्रण हळू आवाजात कर, आणि शेवटी थोडाच वेळ आवाज चढवून पडताळून घे. तासाला दहा मिनिटे कान मोकळे ठेव. गाडीत बाहेरचा गोंगाट अडवणारे हेडफोन वापर, म्हणजे आवाज वाढवावासा वाटणार नाही; ते महाग असले तर पैसे मी पाठवतो, त्याबद्दल आईशी बोलू नकोस.

त्या मालिकेच्या शेवटी तुझे नाव आले, तेव्हा ताईने टीव्ही थांबवून मला ते दोनदा वाचून दाखवले. विठूकाकांनाही बोलावले होते. तू काय ऐकून काय जुळवलेस हे मला ऐकू आले नाही, पण सगळे गप्प बसून ऐकत होते, ते मी पाहत होतो.

शिट्टी वाजलेली असेल त्या दिवशी ती किती वेळ टिकली, हे कागदावर टिपत जा. आणि या महिन्यात, सुट्टी घ्यावी लागली तरी, कानांची तपासणी करून घे. त्याचा जो आलेख मिळतो, त्याचा फोटो ताईच्या फोनवर पाठव. ४००० हर्ट्झच्या रेषेपाशी खड्डा पडला आहे का, एवढेच मला पाहायचे आहे. तो आलेख मला वाचता येतो.

तुझा,
अप्पा