दोरीच्या आत उभं राहायचं

प्रिय सई,

परवा फोनवर तू फक्त फोटो मागितलेस, डोंगर-बर्फाचे सगळे ग्रुपवर टाकलेत, पण अप्पेनझेलचं तुला नीट सांगायचंय म्हणून बसून टाइप करतेय.

स्वित्झर्लंडमधल्या या छोट्या कँटनची, तिथे राज्याला कँटन म्हणतात, सभा एप्रिलच्या शेवटच्या रविवारी भर चौकात भरते, म्हणजे आपली ग्रामसभाच समज, पण गर्दी केवढी! दोरी बांधलेली, मतदार आत, आमच्यासारखे बघे बाहेर, आणि एकेका विषयावर हात वर करायचे. नजरेनेच अंदाज घेतात, अगदीच कळेना झालं तर मोजतात. बरेच पुरुष कमरेला तलवार लावून येतात, तीच त्यांची मतदार असल्याची खूण, बायकांकडे कार्ड असतं.

आम्ही उतरलेलो त्या घराच्या मालकीणबाई सत्तरीच्या, भाची मध्ये बसून सगळं समजावत होती. बाई म्हणाल्या, मी कितीतरी वर्षं दोरीबाहेरच उभी राहिले. मला खरंच वाटेना! देशपातळीवर बायकांना मत मिळालं १९७१ मध्ये, आणि या कँटनने तर १९९० च्या एप्रिलमध्येसुद्धा त्याच चौकात हात वर करून नाही म्हटलं, शेवटी त्याच नोव्हेंबरात तिथल्या सर्वोच्च कोर्टाने निकाल दिला आणि १९९१ ला बायका पहिल्यांदा आत उभ्या राहिल्या. तो दिवस सांगताना बाईंचे डोळे भरले होते गं.

आणि तुझी पणजी, सहीपण येत नव्हती तिला, आपल्या देशाच्या पहिल्याच निवडणुकीत निफाडला मत देऊन आली होती.

म्हणून घरी परत आल्यापासून मला फार लागतंय. पंचायतीत बायकांना निम्म्या जागा आहेत, आपली काकू सदस्य आहे, पण सभेत बोलतात काका, ती मागे सतरंजीवर पदर सावरत बसते. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, ती कागदावरच उरकतात. यावेळी मी काकूला म्हटलंय, पाण्याच्या टाकीचा विषय तूच मांडायचा, मी नाशिकहून येऊन तुझ्या शेजारी बसते.

तुला अठरा पूर्ण होऊन किती महिने झाले, मतदार यादीत नाव नाही. पुण्यात मैत्रिणी फॉर्म भरत नाहीत म्हणून तूही नाही, हे मला पटत नाही. यादीत नाव घालायचा फॉर्म ६ ऑनलाइन भरता येतो. वयाच्या पुराव्याला दहावीचं सर्टिफिकेट कपाटात आहे, आज रात्री त्याचा फोटो पाठवते, पत्ता नाशिकचाच टाक.

तुझी,
आई