बांधावरची जांभळे तोडू नका

पुणे, १८ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत की या मधमाश्यांतून वर्षाकाठी नेमके सुटते किती, आणि मी "बरे सुटतात" एवढेच म्हणून विषय पुढे ढकलला. त्याच बोलण्यात तुम्ही म्हणालात की लाकडाचा व्यापारी बांधावरच्या सात जांभळांचा सौदा करायला येणार आहे. फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही. म्हणून हिशेब आणि विनंती दोन्ही कागदावर मांडते आहे.

मुळशीत मैत्रिणीच्या शेतावर यंदा माझ्या सातेरी या देशी माशीच्या २२ पेट्या होत्या. जांभूळ आणि हिरड्याच्या फुलोऱ्यावर पेटीमागे सरासरी सहा किलो, म्हणजे एकूण १३२ किलो मध निघाला आणि तो पुण्यात ओळखीच्या घरांतून ६०० रुपये किलोने विकला गेला. हातात ७९,२०० रुपये आले. त्यातून बाटल्या, लेबले, पावसाळ्यात फुले कमी असताना माश्यांना द्यायची साखर आणि गाडीचे पेट्रोल यांचे २१,४०० वजा जाता ५७,८०० उरले. पेट्या, माश्यांच्या वसाहती आणि मध काढायचे यंत्र यांत घातलेले सव्वा लाखाचे भांडवल अजून पूर्ण वसूल झालेले नाही, हेही तुमच्यापासून लपवत नाही.

याहून जास्त का निघत नाही, असे तुम्ही विचाराल. जास्त काढता येतो, पण तो मी काढणार नाही. फुलांतला रस माश्या कप्प्यांत आणून ठेवतात तेव्हा तो पाण्यासारखा पातळ असतो. रात्रभर पंख हलवून त्या त्यातले पाणी उडवतात आणि तो पुरेसा दाट झाला की वर मेणाचे पांढरट, पातळ झाकण घालतात. पोळे ज्यात बांधलेले असते ती लाकडी चौकट हातात धरून हलकेच हिसडली आणि थेंब गळले, तर तो मध अजून कच्चा आहे असे समजावे. अन्नसुरक्षेच्या नियमानुसार मधात पाणी २० टक्क्यांहून जास्त चालत नाही आणि कच्चा मध आंबतो. म्हणून चौकटीचा बहुतेक भाग बंद झाल्याशिवाय मी तिला हात लावत नाही. वरच्या मधकोठीतला मधच काढायचा आणि पिल्ले वाढतात त्या खालच्या शिशुकोठीतला माश्यांसाठी ठेवायचा, हे मला शिवाजीनगरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत पहिल्याच आठवड्यात शिकवले गेले. ही संस्था १९६२ पासून आपल्या पुण्यात आहे आणि मी कित्येक वर्षे तिच्या फाटकावरून नुसती ये-जा केली, याची मला आता खंत वाटते.

मेलिफेरा ही परदेशी माशी कितीतरी जास्त मध देते, पण मोहरी, ओवा, सूर्यफूल असा फुलोरा शोधत पेट्या ट्रकने गावोगाव न्याव्या लागतात. नोकरी सांभाळून मला ते जमणारे नाही. आपल्या सातेरीला सह्याद्रीचे रान पुरते. मात्र ती मानी आहे. श्रावणात सलग तीन आठवडे मी मुळशीला गेले नाही, साखरेचा पाक दिला नाही, पोळ्यांत मेण खाणारा मेणकिडा शिरला आणि चार पेट्यांतल्या माश्या घर सोडून निघून गेल्या. रिकाम्या पेटीचे झाकण उघडल्यावर जाळ्यांनी विणलेली काळी पोळी पाहिली तेव्हा मला रडू आवरले नाही. त्या माझ्या भरवशावर होत्या. आज १८ पेट्या उरल्या आहेत.

म्हणूनच मला पेट्या आपल्या शेतात हव्या आहेत. तिथे तुमची रोजची नजर राहील, आणि जांभळे फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलली की त्यांच्या दाट, किंचित तुरट मधासाठी पुण्यातले लोक आधीपासून नावे नोंदवून ठेवतात. सातेरी फार लांब उडत नाही. एखाद्या किलोमीटरच्या आत फुले असली की ती भरभर काम करते. सात जांभळे तुटली तर पेट्या आणून उपयोग नाही आणि नवी लावली तर ती फुलायला वर्षे जातील. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. भोवतालचे रान नसते तर ते घडले नसते.

तुम्हाला फारसे करावे लागणार नाही. पेट्यांच्या स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांत मुंग्या वर चढू नयेत म्हणून पाणी भरायचे आणि शेजारच्या काकांना टोमॅटोवरची फवारणी सकाळी न करता माश्या पेटीत परतल्यावर संध्याकाळी करायची विनंती करायची. पेट्या मी रात्री दारे बंद करून आणीन.

लाकडाचे पैसे आईच्या गुडघ्याच्या उपचारासाठी हवे आहेत, हे मला कळते. वर लिहिलेले ५७,८०० मी त्याच कामासाठी वेगळे ठेवले आहेत आणि कमी पडले तर पगारातून घालीन. शनिवारी मी येते. तोपर्यंत व्यापाऱ्याला होकार देऊ नका.

आई, तुझ्यासाठी पहिल्या काढणीतली बाटली आणते आहे. थंडीने मध तळाशी रवाळ झाला आहे. त्यात साखर मिसळली आहे असे समजू नकोस आणि तो विस्तवावर तापवू नकोस, तासभर उन्हात ठेवलास की पुरे.

तुमची लेक