स्कूबाचे प्रमाणपत्र अर्ध्या तासात मिळत नाही

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर नुकतीच एक बातमी वाचली, की तालुक्यातील काही तरुणांनी दिवाळीच्या सुटीत मालवणला जाऊन ‘स्कूबा डायव्हिंगचे’ (पाठीवरच्या टाकीतली हवा घेत पाण्याखाली पोहण्याचे) ‘प्रमाणपत्र’ पटकावले. तापीकाठच्या आमच्या मुलुखातील पोरे समुद्राच्या पोटात उतरली याचा मलाही आनंद आहे. मात्र बातमीतील वर्णन पाहता त्यांनी घेतला तो पर्यटकांसाठी असलेला अनुभव होता, प्रशिक्षण नव्हे. हा फरक स्पष्ट झाला नाही तर पुढे कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते, म्हणून हे पत्र. मी भौतिकशास्त्राचा निवृत्त शिक्षक असून उतारवयात का होईना, हा अभ्यासक्रम रीतसर पूर्ण केला आहे.

पर्यटकांच्या डुबकीत दहा-पंधरा मिनिटे सूचना मिळतात, तोंडात रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाजोगी करून देणारे उपकरण) दिला जातो, आणि मग सोबतचा प्रशिक्षित पाणबुड्या पाहुण्याला मागून धरून खाली नेतो. तरंगणे-बुडणे सांभाळणाऱ्या जॅकेटमध्ये हवा किती भरायची, किती खोल जायचे, वर केव्हा यायचे हे सारे तोच ठरवतो; पाहुण्याने श्वास घ्यावा, मासे पाहावेत आणि कॅमेऱ्याकडे अंगठा दाखवावा. (पाणबुड्यांच्या खाणाखुणांत अंगठा वर करणे म्हणजे ‘वर चला’, ‘ठीक आहे’ हे सांगण्यासाठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करतात. बातमीच्या छायाचित्रात चौघांचेही अंगठे वर होते.) यासाठी पोहता येण्याचीही अट बहुधा नसते. यात गैर काही नाही. पण शेवटी मिळणारा कागद सहभागाचा असतो, आणि तो दाखवून कोणतेही जबाबदार केंद्र तुम्हांला सिलिंडर भाड्याने देणार नाही.

ज्याला जगभर नवशिक्याचे प्रमाणपत्र मानतात तो ‘ओपन वॉटर डायव्हर’ हा अभ्यासक्रम पाडी, एसएसआय यांसारख्या डायव्हिंग शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांचा असतो. त्यात पुस्तकी भाग व त्याची परीक्षा, तलावातील किंवा उथळ शांत पाण्यातील सराव आणि खुल्या पाण्यातील किमान चार बुड्या असतात. एवढ्याला सहसा तीन-चार दिवस लागतात. पाडीच्या नियमाप्रमाणे वयाची दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाही हा अभ्यासक्रम करता येतो, मात्र दहा-अकरा वर्षांच्या मुलांना १२ मीटरच्या खाली नेत नाहीत. मोठ्यांना हे प्रमाणपत्र मिळाल्यावर आपल्यासारख्याच प्रमाणित जोडीदारासह १८ मीटरपर्यंत, मार्गदर्शकाचा हात न धरता उतरता येते. जोडीदाराशिवाय मात्र उतरायचे नसते.

पोहण्याची परीक्षा आपल्याकडच्या मुलांना जड जाऊ नये. कोणत्याही पद्धतीने, न थांबता २०० मीटर पोहायचे आणि दहा मिनिटे आधाराशिवाय तरंगत राहायचे. वेळेची स्पर्धा नाही. पाठीला डबा बांधून मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकलेला रावेर-यावलचा मुलगा हे सहज करील. अडचण येते ती निराळ्याच ठिकाणी. विहिरीत मुटका मारून जो जास्त वेळ दम धरील तो पट्टीचा, ही आपल्या अंगवळणी पडलेली समजूत. आणि स्कूबाचा पहिला नियम असा, की पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही.

याचे कारण अकरावीच्या पुस्तकातला बॉइलचा नियम: दाब वाढला की हवा त्याच प्रमाणात आकसते, दाब घटला की फुगते. काठावरून छाती भरून बुडी मारणाऱ्याची हवा खोलीवर दाबली जाते आणि तो वर येताच पूर्वीइतकीच होते, त्यामुळे तिच्यापासून त्याला इजा होत नाही. सिलिंडरमधून श्वास घेणाऱ्याचे तसे नसते. समुद्रात दर १० मीटरला सुमारे एक वातावरण (म्हणजे पृष्ठभागावरील हवेच्या दाबाइतका) दाब वाढतो आणि रेग्युलेटर त्याच दाबाची हवा देतो; म्हणजे १० मीटरवर छाती भरून घेतलेली हवा दम धरून वर आणली, तर पृष्ठभागाशी ती दुप्पट जागा मागते आणि फुप्फुसे फाटू शकतात. वीस मीटरवरून दहावर येताना हीच वाढ दीडपट असते. खरा मोठा फरक शेवटच्या काही मीटरांत पडतो, म्हणून ‘उथळच तर आहे’ असे म्हणणाऱ्याने अधिक सावध राहावे. वर येण्याचा वेगही ठरलेला असतो. मिनिटाला ९ मीटर हा सध्या सुरक्षित मानला जाणारा वेग, आणि ५ मीटरवर तीन मिनिटे थांबण्याचा प्रघात, हे दोन्ही शरीरात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा यासाठी आहे.

तलावातल्या सरावात अनेकांची गाडी अडते ती डोळे-नाक झाकणाऱ्या मास्कपाशी. तळाशी गुडघे टेकून मास्कची वरची कड किंचित सैल करायची, पाणी आत येऊ द्यायचे, ते नाकपुड्यांपर्यंत चढले तरी तोंडाने शांतपणे श्वास घेत राहायचे; मग बोटांनी वरची कड कपाळाशी दाबून, मान जरा वर करून नाकाने लांब श्वास सोडायचा, की पाणी खालच्या कडेतून निघून जाते. ऐकायला सोपे असले तरी नाकाला पाणी लागताक्षणी सारे शरीर ‘वर चल’ असा आक्रोश करते, आणि तो न जुमानता खालीच राहून अडचण सोडवणे हाच या शिक्षणाचा गाभा आहे. पुढे मास्क पूर्ण काढून परत घालायचा असतो, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर शोधून पुन्हा धरायचा असतो, जोडीदाराच्या जादा रेग्युलेटरमधून हवा घेत वर यायचे असते. अर्ध्या तासाच्या सहलीत यातले काहीही अंगी मुरत नाही.

प्रवेशाच्या वेळी आरोग्याची प्रश्नावली भरून घेतात. तिच्याकडे आपले लोक निव्वळ सही करायचा कागद म्हणून पाहतात, ते घातक आहे. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, पूर्वी झालेला क्षयरोग यांपैकी काही असल्यास निघण्यापूर्वीच गावातील डॉक्टरांकडून तपासून लेखी संमती घ्यावी. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत, त्यांनी तर ही तपासणी टाळूच नये. साध्या सर्दीतही कानातला दाब जुळत नाही; पैसे भरले म्हणून तसेच उतरू नये.

खानदेशातून जाणाऱ्यांना प्रवासाचे गणितही मांडावे लागते. पुस्तकी भाग आता घरबसल्या ऑनलाइन पूर्ण करता येतो, त्यामुळे किनाऱ्यावरचा वेळ वाचतो. कोकण किनारा पावसाळ्यात बंद असतो. महाराष्ट्रातच शिकायचे तर तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. भुसावळ-जळगावहून कोकणात उतरायला मंगला एक्स्प्रेस आहे, आणि जळगाव-गोवा विमानही सुरू झाल्यापासून पुष्कळांना तेच सोयीचे वाटते. परंतु सलग काही दिवस बुड्या मारल्यानंतर किमान १८ तास विमानात बसू नये, अशी शिफारस आहे; उंचीवर हवेचा दाब घटतो आणि शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. फार थोड्यांच्या लक्षात येते, की सकाळी मालवणला बुडी मारून दुपारी मोटारीने आंबोली घाटाने परतणेही त्याच कारणाने जोखमीचे आहे, कारण आंबोली समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच आहे. शेवटचा दिवस किनाऱ्यावर कोरडा काढावा. सिंधुदुर्ग किल्ला पाहायला तो पुरतो.

आता ज्या भीतीने हे पत्र लिहायला घेतले त्याविषयी. आपल्याकडे दर पावसाळ्यात आणि गणेश विसर्जनाला तापी, गिरणा, पांझरेत कोणी ना कोणी बुडते, आणि काठावरचा जमाव ‘याला पाण्याखालचे कळते’ अशा माणसाकडे आशेने पाहू लागतो. वर्तमानपत्रात ‘प्रमाणित पाणबुडे’ म्हणून नाव छापून आलेल्या तरुणाला त्या क्षणी नाही म्हणणे जमणार नाही. वस्तुतः पूर्ण अभ्यासक्रम केलेल्यालाही शोधकार्याचे शिक्षण मिळालेले नसते. तो दमलेल्या जोडीदाराला ओढून आणायला शिकतो, तेही बऱ्या हवामानात. गढूळ पाण्यात डोळ्यांना काही दिसत नसताना बाभळीच्या फांद्या आणि मासेमारीची जाळी चाचपत शोध घेणे, किंवा हतनूर धरणाचे दरवाजे उघडे असताना खालच्या प्रवाहात शिरणे, हे वेगळे व खडतर शिक्षण आहे. त्यासाठी धुळ्याला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे आणि नदी ओळखणारे आमचे भोई-कोळी बांधव आहेत. स्कूबाचे कार्ड खिशात असलेल्याने काठावर थांबून दोर फेकावा आणि यंत्रणेला फोन करावा.

आपणांस दोन विनंत्या आहेत. यापुढे अशी बातमी देताना अभ्यासक्रमाचे नाव, प्रमाणपत्र देणारी संस्था आणि किती मीटरपर्यंतची परवानगी आहे हे विचारून छापावे. खरे कार्ड संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळता येते. दुसरे असे, की त्या बातमीत पाठीवरच्या टाकीला ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हटले होते. तिच्यात आपण घेतो तीच हवा, गाळून, सुमारे २०० बारपर्यंत (म्हणजे नेहमीच्या हवेच्या जवळपास दोनशेपट दाबाने) दाबून भरलेली असते. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरांच्या खाली विषासारखा ठरू शकतो, त्यामुळे कोणा उत्साही मंडळाने दवाखान्यातले सिलिंडर तलावावर नेण्यापूर्वी ही दुरुस्ती छापलेली बरी.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक, चोपडा (जि. जळगाव)