आप्पांच्या गाडीचं चाक

सांगली,
चैत्रातला रविवार, रात्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "त्या शेडमध्ये दिवस दिवस करतोस तरी काय?" तुझ्या मागे बँकेतली गडबड ऐकू येत होती, माझे हात तेलाने माखलेले. "करतो काहीतरी" म्हणून मी विषय संपवला, पण ते उत्तर नंतर मलाच टोचत राहिलं. तुला तरी नीट सांगायला हवं होतं. शिवाय तुला एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती फोनवर विचारण्यासारखी नाही.

हे सगळं महापुरानंतर सुरू झालं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. पाणी ओसरल्यावर गावभागात घराघरापुढे सामानाचे ढीग लागले होते, तू आला होतास तेव्हा पाहिलेसच. प्लायवूडच्या कपाटांचे पापुद्रे सुटले होते, भुसा दाबून केलेल्या फळ्यांचा तर लगदा झाला होता. त्याच ढिगात एक जुनी सागवानी चौकट पडली होती. मालकाला विचारून घरी आणली, चिखल धुतला, दोन-तीन महिने सावलीत ठेवली आणि मग रंधा मारला. काळपट थर निघाला आणि खालून मधासारखा रंग वर आला, कमावलेल्या कातड्यासारखा तो वासही. इतके दिवस पुरात राहूनही लाकूड आतून जसंच्या तसं होतं! सागात स्वतःचंच तेल असतं, म्हणून तो पाण्याला आणि वाळवीला सहसा दाद देत नाही. तेच तेल सरस मात्र नीट धरू देत नाही. आता सांधा चिकटवण्याआधी मी तो थिनरच्या फडक्याने पुसून घेतो.

त्या चौकटीत जुने खिळे रुतून बसले होते. एकाने रंध्याच्या पात्याला चांगलाच खड्डा पाडला. तेव्हा एका मोडक्या स्पीकरमधलं चुंबक काढून घेतलं. जुनं लाकूड हाती आलं की आधी त्यावरून चुंबक फिरवायचं, जिथे ओढ लागेल तिथे खडूने फुली मारायची.

लोखंडाच्या कामातही तेच चुंबक उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. भंगारवाल्याकडून ट्रकच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, एक पाटा आणला होता, आईच्या परसातल्या वाफ्यांसाठी खुरपं करायला. साध्या लोखंडात कार्बन नावालाच असतो, त्यामुळे ते कितीही तापवून विझवलं तरी मऊच राहतं. पाट्यात तो अर्ध्या टक्क्याच्या वर असतो आणि तेवढ्यानेच सगळा फरक पडतो. दोन रविवार घालवून खुरप्याला आकार दिला, लाल केलं आणि बादलीतल्या पाण्यात बुडवलं. "टिंग" असा बारीक आवाज आला. बाहेर काढून बघतो तर धारेपासून पाठीपर्यंत केसाएवढी चीर. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या वेळी घाई केली नाही. लोखंड साधारण ७७० अंशांवर गेलं की चुंबक त्याला चिकटत नाही. म्हणून चुंबक तारेला टांगलं आणि खुरपं तापवता तापवता त्याच्याजवळ नेऊन बघत राहिलो. ओढ सुटल्यावर आणखी थोडं तापवलं आणि पाण्याऐवजी कोमट तेलात बुडवलं. कानस घासून पाहिली तर ती काचेवरून सरकावी तशी सरकली. पण इतकं कडक लोखंड दगडावर आपटलं की तुटतं. म्हणून घासून चकचकीत केलं आणि ओव्हनमध्ये दोनशे-सव्वादोनशे अंशांवर ठेवलं. हळूहळू त्यावर पिवळसर छटा चढली, अगदी वाळलेल्या गव्हाच्या काडीसारखी. तो रंग येताना मी ओव्हनच्या काचेला नाक लावून बसलो होतो. आपल्या गावचा लोहार हे सगळं नुसत्या नजरेने करायचा. त्याच्या खोपटात दिवसासुद्धा एवढा अंधार का, असं आपल्याला वाटायचं ना? उजेडात तापल्या लोखंडाचा रंग फसवतो, म्हणून.

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. तुमच्या गोठ्यामागे आप्पांची बैलगाडी आहे ना, तिचा साठा, म्हणजे वरचा सांगाडा, पार कुजलाय. काकी म्हणाल्या, "चाकं तरी घेऊन जा बाबा, न्हाईतर चुलीत जातील." दोन्ही टेंपोत घालून आणली. एकाचा तुंबा, म्हणजे मधला लाकडी गड्डा, उभा फुटला होता, ते चाक सोडवलं. आरे बाभळीचे, आतून दगडासारखे टणक. प्रत्येक आऱ्याचा कुसू, म्हणजे खाचेत शिरणारं टोक, तुंब्यात असा बसवलेला की पोस्टकार्डही मध्ये जाऊ नये. अख्ख्या चाकात एक खिळा नाही की सरस नाही. ज्या सुताराने हे केलं त्याच्या हाताला हात लावावासा वाटला.

ते सगळं धरून ठेवते ती वरची धाव, चाकाभोवतीचा लोखंडी पट्टा. लोहाराच्या दारात धाव चढवताना आपण पाहिलं होतं, आठवतं? गोवऱ्यांचा गोल विस्तव, तिघांनी सांडशांनी उचललेली लाल धाव, लाकडाला टेकताच उठलेला धूर, आणि मग आपण पोरं कळशा घेऊन धावलेलो. गार होताना चाक करकरत होतं, ते मला अजून ऐकू येतं. परवा टेप लावला. चाक सव्वा मीटरच्या थोडं वर, म्हणजे धाव चार मीटर लांब. पाचशे अंश तापवली तर ती जेमतेम अडीच सेंटीमीटर वाढते. थंड होताना तेवढीच आवळते आणि सगळे आरे तुंब्यात दाबून बसवते. उन्हाळ्यात आप्पा गाडी ओढ्यात नेऊन उभी करायचे, आणि बैलांना पाणी पाजायला थांबलेत असं आपण समजायचो. खरं म्हणजे सुकून आकसलेलं लाकूड पाण्याने फुगावं आणि धाव घट्ट बसावी, म्हणून ते थांबत असत.

सोडवलेल्या चाकाच्या चार आऱ्यांचे पाय करून आईला बसायला बुटकं स्टूल केलंय. आरे धावेला टेकत होते तिथे ते काळे पडले होते. बाभळीच्या सालीने कोल्हापुरी चपलेचं कातडं कमावतात, तोच तुरटपणा थोडाफार लाकडातही असतो आणि लोखंडाशी मिळाला की शाईसारखा काळा होतो. म्हणून भांडी घासायची लोखंडी जाळी व्हिनेगरमध्ये आठवडाभर मुरवली आणि ते पाणी ब्रशने पायांना लावलं. बघता बघता चारही पाय काळेभोर झाले. वरून जवसाचं तेल. (तू कधी हे तेल वापरलंस तर फडकं दोरीवर पसरून वाळव. बोळा करून टाकलेलं फडकं आपोआप पेट घेतं.)

दुसरं चाक धड आहे. हॉटेलांच्या दारात चाकं रंगवून भिंतीला टेकवलेली असतात, नाहीतर वर काच टाकून टेबल केलेलं असतं. मला ते बघवत नाही. हे चाक मला फिरतं करायचंय. बेंदराला, आपल्याकडच्या बैलांच्या सणाला, काकी अजून चाकाला हळदकुंकू लावतात, तेव्हा बेंदराच्या आत ते तुमच्या अंगणात परत यायला हवं. पण धाव खुळखुळी झाली आहे. ती एक इंच कापून, जोडून, पुन्हा तापवून चढवावी लागेल. तासगावकडचा एक म्हातारा लोहार हे काम अजून करतो, त्याच्याशी बोललोय. तो म्हणतो, कापायची तर जुन्या सांध्यावरच कापावी, म्हणजे धावेला दुसरा सांधा येत नाही.

अडचण ही की गंज घासताना त्या सांध्याला लागूनच छिन्नीने ठोकलेलं एक अक्षर सापडलं. आप्पांच्या नावाचं पहिलं अक्षर आहे. बहुतेक लोहाराकडे धावांची अदलाबदल होऊ नये म्हणून ठोकलं असावं. सांध्यावर कापलं तर ते अक्षर जाणार. दुसरीकडे कापलं तर अक्षर राहील, पण धावेला दोन सांधे होतील. चाकावर आता ओझं यायचं नाही, तेव्हा दोन सांधेही टिकतील असं मला वाटतं. लोहाराला ते पटत नाही.

काकींना मी अजून काही बोललेलो नाही. अक्षरावर पातळ कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेतलाय, तो सोबत पाठवतो. तो बघ आणि कुठे कापू ते कळव. तोवर धावेला हात लावणार नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना सोबती